हेगमधला गैरहजर माणूस

‘ज्याच्यामागे काठी नाही, तो कसला कायदा?’ पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात एका व्याख्यानानंतर चहा चालू असताना एका निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल हा प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट न पाहता बटाटेवडा उचलला. युक्रेन, गाझा, दक्षिण चीन समुद्र अशी उदाहरणं त्यांच्या तोंडपाठ होती. त्यांतलं एकही खोटं नव्हतं. दक्षिण चीन समुद्राबद्दलचा २०१६चा लवादाचा निवाडा चीनने खरोखरच केराच्या टोपलीत टाकला. भोवतालच्या माना डोलल्या. दिल्लीत हयात काढलेल्यांना दंडशक्तीचं तत्त्वज्ञान चटकन पटतं.

हे तत्त्वज्ञान मात्र त्यांचं नाही, जॉन ऑस्टिनचं आहे, १८३२ सालचं. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि मोडली तर शिक्षा. राष्ट्राराष्ट्रांतले नियम त्यात बसत नाहीत, म्हणून ती नुसती नीती. पण ऑस्टिनला मानायचं तर पुरतं मानावं. सार्वभौम सत्तेला बांधू पाहणारा घटनात्मक कायदाही त्याने याच न्यायाने नीतीच्या खात्यात जमा केला होता. उच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला, तर तो बजावायला पोलीस कुणाचे येणार? सरकारचेच. मग आपली घटनाही कायदा नव्हे, असं हे गृहस्थ म्हणणार आहेत का? आयुष्यभर तिची शपथ वाहून पगार घेतला! एच. एल. ए. हार्टने १९६१मध्ये ऑस्टिनचं पितळ उघडं पाडलं, ते याच जागी. पिस्तूल रोखणाऱ्याला पाकीट काढून देणं भाग पडतं, पण ते आपलं कर्तव्य ठरत नाही. भाग पडणं आणि कर्तव्य असणं यांतलं अंतर काठीने मोजता येत नाही.

ज्यांना अजून शंका असेल, त्यांनी भवनातून निघून मेन बझारमधल्या कुठल्याही हॉटेलच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहावं. पाठीवर गाठोडं घेतलेला परदेशी पाहुणा येतो, पोरगा पासपोर्ट उघडतो, फोटोचं पान झेरॉक्सवर टाकतो, व्हिसा बघतो आणि ज्याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात तो भरायला घेतो; २४ तासांच्या आत माहिती सरकारदरबारी पोचली पाहिजे. फॉर्म भारताच्या कायद्याचा आहे. पण त्या पानाच्या तळाशी इंग्रजी अक्षरांच्या आणि बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्या इस्रायलच्या पासपोर्टवर जशा तशाच इराणच्याही. ते ठरवलं मॉन्ट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, जिच्या पदरी एक शिपाईसुद्धा नाही. एकमेकांचं तोंड न बघणारे देश त्या दोन ओळी मात्र मुकाट छापतात.

इथवर मी आंतरराष्ट्रीय कायद्याचा वकील. पण काठी नाही ही तक्रार फुसकी ठरली म्हणून तो कायदा निर्दोष सुटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती समजायला सावरकरांचा खटला वाचावा लागतो. शाळेत आपल्याला उडी शिकवतात, निवाडा शिकवत नाहीत.

८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकर समुद्रात उतरले, पोहून धक्क्याला लागले आणि फ्रेंच भूमीवर धावले. एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून परत बोटीवर दिलं. फ्रान्समध्ये समाजवाद्यांनी गिल्ला केला. त्यात मार्क्सचा नातू जाँ लोंगेही होता. फ्रान्सने ब्रिटनकडे कैदी परत मागितला आणि प्रकरण हेगच्या कायम लवाद न्यायालयात गेलं. पाच लवादांपैकी बेर्नार्ट आणि रेनो हे दोघे शांततेचं नोबेल मिळालेले. २४ फेब्रुवारी १९११ला निवाडा आला: कैद्याला पकडून हवाली करण्यात अनियमितता झाली खरी, पण परक्या देशाच्या नोकराने केलेल्या अशा चुकीपायी ब्रिटनने कैदी परत द्यावा, असा कुठलाही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. तोवर इकडे मुंबईत दुसऱ्या जन्मठेपेची शिक्षाही सुनावून झाली होती, ३० जानेवारीलाच.

आता काठीवाल्यांनी नीट बघावं. हा निवाडा दोन्ही महासत्तांनी निमूट पाळला. ना फौज हलली, ना आरमार. ऑस्टिनच्या शिष्यांना खोटं पाडणारं याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. आणि ज्याच्यावरून सगळं घडलं, तो त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. त्याला कुणी विचारलं नाही, त्याचा वकील नाही, त्याची बाजू नाही. वाद होता फ्रान्सच्या भूमीच्या इभ्रतीचा. माणूस हा नुसता मुद्देमाल. कायदा शंभर टक्के चालला आणि माणूस अंदमानात गेला. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाशी माझं जमत नाही, पण त्याचा इथे संबंध नाही.

दादरा-नगर हवेलीचंही तेच. १९५४मध्ये सुधीर फडक्यांसारखी मंडळी पोर्तुगीजांना हटवायला जीव धोक्यात घालून तिथे शिरली. १९६०मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला तो पोर्तुगालच्या वाटेच्या हक्काबद्दल. तिथल्या वारल्यांना काय हवं, हा प्रश्न त्या दाव्याचा नव्हताच.

शंभर वर्षांत काहीच बदललं नाही, असं मात्र म्हणवत नाही. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात १७ जुलै २०१९ रोजी त्याच न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरलं: १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाप्रमाणे कैद्याला स्वतःच्या देशाच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क आहे, तो डावलला गेला. हक्क कैद्याचाही, नुसता देशाचा नव्हे. १९११मध्ये ही भाषाच नव्हती. पहाडगंजच्या ठाण्यात चरससह पकडून आणलेल्या परदेशी पोराला चाणक्यपुरीतल्या वकिलातीत निरोप धाडण्याचा जो हक्क आहे, तो हाच. तरी पक्षकार म्हणून उभे राहिले ते भारत आणि पाकिस्तान, कारण त्या न्यायालयात फक्त राष्ट्रांनाच उभं राहता येतं. सुटकेची मागणी फेटाळली गेली. २५ डिसेंबर २०१७ला इस्लामाबादेत काचेपलीकडे बसलेल्या मुलाशी आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. जिथे माणसाला आवाज नसतो तिथे त्याच्या भाषेचं काय?

सावरकरांसाठी निदान फ्रान्स भांडला, जाधवांसाठी भारत. ज्याच्यासाठी कुठलंच राष्ट्र दार ठोठावणार नाही, त्याचं काय? पहाडगंजला हा प्रश्न नवा नाही. फाळणीनंतर इथल्या गल्ल्या निर्वासितांनी भरल्या, मुल्तानी ढांडा हे नाव अजून नांदतं आहे. पण त्यांना आपलं म्हणणारं एक राष्ट्र इथे होतं. मे २०२५मध्ये एका श्रीलंकन तमिळाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने भारत ही धर्मशाळा नव्हे, असं सुनावलं. त्या अर्जदाराने कुठलं राष्ट्र पुढे करावं? आणि इथे आपल्याला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही. निर्वासितांबद्दलचा १९५१चा करार भारताने स्वीकारलेला नाही, १९६७चा पूरक करारही नाही, आणि निर्वासितांसाठी स्वतःचा वेगळा कायदाही आजवर केलेला नाही.