यजमान कोण?

परदेशात स्थायिक झालेली आमची एक भाची गॅलापागोस बेटांवर आठ दिवस राहून आली. तिच्या पत्रात समुद्रकाठच्या निसर्गस्नेही हॉटेलचे मोठे रसाळ वर्णन होते. ज्वालामुखीच्या काळ्या खडकांवर ऊन खात पडलेले सागरी इग्वाना, पाण्याच्या तापकासाठी छपरावर लावलेली सौर उपकरणे आणि न्हाणीघरात टांगलेले एक कार्ड: टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पाणी जपून वापरा. "मामा, आपल्या राहण्याने कुणाचे काहीच बिघडले नाही, म्हणून मन अगदी हलके झाले," असे तिने शेवटी लिहिले होते.

त्या वाक्यापाशी मी अडखळलो. धुळ्याला आमच्या घरी मे महिन्यात पाहुणा आला की आई त्याच्यासाठी बादली भरून ठेवी. नळाला पाणी केव्हा येईल याचा नेम नसे. समंजस पाहुणा अर्ध्या बादलीत अंघोळ उरकी आणि उरलेले पाणी तसेच ठेवी. कार्ड कुणी लावलेले नव्हते; आणि अर्धी बादली वाचवली म्हणून आपण या घरावर भार टाकलाच नाही, असेही त्याला वाटत नसे. उलट निघताना तो संकोचून म्हणे, "वहिनी, तुम्हाला त्रास दिला."

या बेटांवर उतरलेला पहिला ज्ञात पाहुणा आपल्याच धर्मसभेतला होता. पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा १५३५ साली पेरूकडे निघाले असता वारा पडला आणि प्रवाहाने जहाज तेथे वाहत नेले. पाण्यावाचून माणसे व घोडे दगावले. तहानलेल्यांनी निवडुंग पिळून त्याचा रस प्यायला. उपवासकाळातल्या रविवारी किनाऱ्यावर मिस्सा झाली आणि मग शोधता शोधता पाणी सापडले. तेथले पक्षी माणसाला पाहून पळत नाहीत, ही गोष्ट बिशपांनी सम्राटाला लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे. पुढे याच निर्भयतेचा फायदा देवमासे मारणाऱ्या खलाशांनी घेतला. महाकासवे उलटी करून त्यांनी जहाजात रचली, कारण ती कित्येक महिने अन्नपाण्यावाचून जिवंत राहत. पिंटा बेटावरच्या जातीचे शेवटचे कासव २०१२ साली मेले.

बिशपांना तहानेने तेथे नेले, भाचीला हौसेने. हौस हे पाप नव्हे. पण गरजेने आलेल्याला जी सवलत आपण देतो, ती हौसेने आलेल्याला द्यावी काय?

मी तिला हे कळवले. तिचे उत्तर तिखट होते, आणि बरेचसे खरेही होते. पाहुणे आले नाहीत तर राखणदारांचा पगार कोठून यायचा? १ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक विदेशी प्रवाशांना तेथे २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते. पर्यटन थांबले तर बेटावरची माणसे पुन्हा समुद्रच ओरबाडतील. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिने जाऊ नये, असे माझे म्हणणे नव्हतेच. विमानाचा धूर, सुमारे हजार किलोमीटरवरून जहाजाने येणारे धान्य आणि इंधन, हे सारे त्या कार्डावर लिहिलेले नसते. टॉवेल न धुतल्याने भार थोडा कमी होतो. पण कबुली न देताच क्षमा मिळाल्यासारखे मन हलके का व्हावे, एवढेच मला कळत नव्हते.

आपल्या खानदेशचा काळा दगडही लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याच्या बाजूला केळीच्या बागांतून वाघ फिरतात. रात्री बागेला पाणी द्यायला जाणारा शेतकरी बांधावर थांबतो, खाकरतो, बॅटरी फिरवतो आणि मगच आत पाऊल टाकतो. सातबारा त्याच्या नावावर असतो. पण त्या घटकेला यजमान कोण, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

भाचीच्या पत्राला एक ताजा कलम होता. परतीच्या दिवशी धक्क्यावरच्या एकुलत्या बाकावर एक समुद्रसिंह आडवा झोपला होता. बोटीला उशीर होता, तिचे गुडघे दुखत होते. ती तासभर सामान हातात घेऊन उभी राहिली. त्याला उठवावे असे मनातही आले नाही, असे तिने लिहिले आहे.