त्या बाईला विचारलं होतं का?



ऑक्टोबर महिन्यातला शेवटून दुसरा रविवार म्हणजे मिशन रविवार. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी तो ठरवून दिला, तेव्हापासून जगभरच्या चर्चमध्ये त्या दिवशी मिशनकार्यासाठी दान गोळा होते. आपल्याकडेही होते. त्याआधी एखादे पोस्टर लागते, कधी हॉलमध्ये मिस्सेनंतर छोटा बोधपट दाखवतात. बहुतेक वेळा त्यात आफ्रिका असते, आणि आफ्रिका म्हणजे पोट फुगलेले मूल, डोळ्यांच्या कडेला माश्या, आणि मांडीवर ते मूल घेऊन बसलेली आई.

काही वर्षांपूर्वी असाच एक बोधपट पाहताना माझी आई शेजारी बसली होती. तेव्हा तिला ऐकू कमी येत असे, त्यामुळे ती बोलायची मोठ्याने. सगळे गंभीर होऊन पाहत असताना ती म्हणाली, "काय रे, त्या बाईला विचारलं होतं का, फोटो काढू म्हणून?" पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघी वळून पाहू लागल्या. मी तिला गप्प केले. दानाची पिशवी फिरली, आम्ही पैसे टाकले आणि घरी आलो.

आईने ते का विचारले, हे मला माहीत होते. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. आपल्या जिल्ह्यात ज्यांची वये साठीपुढची आहेत, त्यांना ते दिवस सांगायला नकोत. कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो, चर्चच्या आवारात वाटली जाणारी दुधाची पावडर. एक दिवस पाहुणे आले, त्यांच्यापैकी एकाने कॅमेरा काढला आणि आईचा फोटो घेतला. पाठीवर माझी धाकटी बहीण बांधलेली, हातात हातोडा, डोक्यापासून पायापर्यंत धूळ. आईने पदर ओढायच्या आत फोटो निघाला होता. ती पुढे अनेक वर्षे एकच वाक्य सांगायची, "काढायचाच होता तर आधी सांगायचं. दंडाला फाटलेली चोळी तरी बदलली असती." तो फोटो कुठे गेला, कोणत्या देशातल्या कोणत्या हॉलमध्ये लागला, तो पाहून किती जणांनी खिशात हात घातला, हे आम्हाला कधी कळले नाही. कदाचित त्याच पैशातून आलेली मिलो आम्ही खाल्ली असेल. प्रश्न अवघड होतो तो इथेच.

भुकेल्या माणसाचे दुःख पडद्यावर दाखवून दया जागी करणे योग्य की अयोग्य? लगेच 'अयोग्य' म्हणून मोकळे होता येत नाही. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये इथिओपियातल्या कोरेम या गावाजवळच्या छावणीत मोहम्मद अमीन या केनियाच्या कॅमेरामनने जे चित्रण केले, ते मायकेल बर्क यांच्या निवेदनासह बीबीसीवर दाखवले गेले. लोक हादरले. पुढच्या वर्षी जुलैत 'लाइव्ह एड' हा प्रचंड संगीताचा कार्यक्रम झाला, जगभरातून मदत गेली, माणसे वाचली. उपाशी मरणाऱ्या माणसाची परवानगी घ्यायला थांबायचे का? शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्यावर पडलेला माणूस अर्धमेला होता, त्याला काही विचारण्याची सोय नव्हती. शोमरोन्याने त्याच्या जखमा बांधल्या. पण हेही लक्षात घ्या की लुटारूंनी त्या माणसाचे कपडे काढून घेतले होते. शोमरोन्याने त्याला उघड्यावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गोळा केले नाही. जनावरावर बसवून तो त्याला उतारशाळेत घेऊन गेला आणि पैसे आपल्या खिशातून दिले.

कोरेमच्या चित्रणाने जीव वाचवले आणि त्याच चित्रणाने एका संपूर्ण पिढीच्या मनात इथिओपिया म्हणजे भूक असे कायमचे कोरले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण नगरकरांनी तरी असे समजायला नको होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिपला भेटणारा राणीचा खजिनदार कूश देशाचा, म्हणजे आफ्रिकेचा. तो रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. आणि आपल्या मातीतला मलिक अंबर? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बाजारामागून बाजार पार करत अहमदनगरला पोहोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा मंत्री चंगीजखान हाही हबशीच होता. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, त्यानंतर पाव शतक निजामशाही तगवून धरली ती याच मलिक अंबरने. भातवडी तर आपल्या नगर तालुक्यातच आहे. १६२४ मध्ये तिथे त्याने मोगल आणि आदिलशहा यांच्या फौजांना एकदम धूळ चारली. आपल्यापैकी किती जणांनी मुलांना भातवडी दाखवली आहे? मीही दाखवलेली नाही.

मलिक अंबरचे एक चित्र प्रसिद्ध आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने ते काढले. भाल्यावर टांगलेले मलिक अंबरचे मुंडके, आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. असे कधी घडलेच नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणी वारला, खुलताबादेत त्याची कबर आहे. जे रणांगणावर जमले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले. सिनेमा नव्हता तेव्हाही ज्याच्या हातात कुंचला, त्याचीच गोष्ट खरी ठरत होती. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर १९८३ चा 'रझिया सुलतान' आठवा. त्यातल्या याकूत या हबशाचे काम धर्मेंद्रने चेहरा काळा रंगवून केले.

यावर हसण्याआधी आपलीही आठवण ठेवावी. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस बहुधा दारुडा, आणि ख्रिस्ती मुलगी बहुधा क्लबात नाचणारी. ते पाहून आपण चिडतो, कॉलेजमधली मुले तर फार चिडतात. राहुरी-श्रीरामपूरकडे उसाच्या फडात राबणारा, हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला बैलगाडीने जाणारा ख्रिस्ती शेतमजूर त्या पडद्यावर कधी आलाच नाही.

आफ्रिकेतल्या माणसांनी मात्र कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला आहे. सेनेगलचे उस्मान सेम्बेन (ते २००७ मध्ये वारले) आधी फ्रान्समध्ये गोदी कामगार होते, मग कादंबरीकार झाले. आपले लोक पुस्तक वाचू शकत नाहीत हे पाहून ते चाळिशीत सिनेमा शिकले. त्यांच्या १९९२ च्या 'गेलवार' या चित्रपटात एका कॅथलिक पुढाऱ्याचे प्रेत शवागारातून चुकून मुसलमान कुटुंबाकडे जाते आणि त्यांच्या कब्रस्तानात पुरले जाते. दोन्ही गावे समोरासमोर उभी ठाकतात. तंटा कसा मिटतो ते मी सांगत नाही, पण त्यात एका मुसलमान पोलिसाचा आणि इमामाचा मोठा वाटा आहे. हा मेलेला माणूस परदेशी धान्याच्या मदतीविरुद्ध भर सभेत बोलला होता, म्हणून त्याला मारहाण झाली होती. मागून खाण्याने माणूस आतून मरतो, असे त्याचे म्हणणे. शेवटी गावची पोरे मदतीच्या धान्याची गाडी अडवतात आणि पोती रस्त्यावर सांडतात.

हा शेवट मला पटला नाही. मिलो रस्त्यावर सांडताना आईने पाहिले असते तर तिने त्या पोरांच्या कानाखाली वाजवली असती. तांबड्या भाकरीला तिने नावे ठेवली, पण ती थापली आणि आम्हाला वाढली. तरीही त्या मेलेल्या माणसाचा राग मला खोटा वाटत नाही, कारण तोच राग मी तिच्या फाटलेल्या चोळीच्या वाक्यात ऐकला आहे.

दुसरा चित्रपट बुर्किना फासो देशाचा, इद्रिसा वेद्राओगो यांचा १९८९ चा 'याबा'. याबा म्हणजे आजी. गावाने चेटकीण ठरवून बाहेर काढलेली एक म्हातारी आणि तिला याबा म्हणणारा बिला नावाचा मुलगा, एवढीच गोष्ट. मुले लपाछपी खेळतात, नवरा-बायको भांडतात, दारुड्याची थट्टा होते. गरिबी आहे, पण ती कोणी बोट दाखवून दाखवत नाही. बिलाची चुलत बहीण आजारी पडते तेव्हा तिच्यासाठी वैदू शोधायला लांबचा रस्ता पायी तुडवते ती हीच म्हातारी. चेटकीण म्हणून म्हातारीला बाहेर काढणे आपल्या खेड्यांना अनोळखी नाही. तो सिनेमा पाहताना मला एकदाही दया आली नाही. लाज वाटली, हसू आले, शेवटी डोळे भरून आले.

येत्या मिशन रविवारी नेहमीच्या बोधपटाऐवजी आपल्या हॉलमध्ये 'याबा' लावता येईल का, असे मी फादरांना विचारले आहे. दीड तासाचा आहे, मुलांनाही समजेल. त्यांनी हसून विचारले, "मग दानाची पिशवी रिकामी राहिली तर?" मला उत्तर देता आले नाही. आपल्यापैकी कोणाला सुचले तर मिस्सेनंतर त्यांना जरूर सांगावे.