पुन्हा कार्बोरेटर?

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात दुचाकीच्या छोट्या गॅरेजांत पावसाळा लागला की हटकून एक प्रश्न येतो: ‘एफआय (फ्युएल इंजेक्शन) काढून कार्बोरेटर बसवून मिळेल का?’ विचारणारा बहुधा दिवसभर डिलिव्हरी करणारा असतो. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद.

हा प्रश्न मला वेडगळ वाटत नाही. पुण्याच्या बजाज कंपनीनेच हा उलटा प्रवास केला होता. २००७ची पल्सर २२० फ्युएल इंजेक्शनची होती. २००९मध्ये तीच गाडी कार्बोरेटर लावून आली, स्वस्त झाली, आणि ताकदही २० पीएसवरून २१वर गेली. पुढे जुन्या इंजेक्शनवाल्या २२०च्या काही मालकांनीही कार्बोरेटर बसवून घेतला.

आजच्या गाडीला मात्र हे मानवत नाही. १ एप्रिल २०२०पासूनच्या, धुराच्या बीएस-६ निकषांच्या बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल मोजतो आणि ठिणगी कधी पडायची तेही ठरवतो. म्हणून कार्बोरेटर बसवायचा तर टाकीतला पंप काढून कॉक लावा, इनटेकचा जोड बदला, ठिणगीसाठी वेगळा सीडीआय बसवा, वायरिंग कापा. एवढं करून गाडी सुरू होतेही. नुकसान होतं सायलेन्सरच्या आत. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला एक भाग पेट्रोलमागे वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू ते प्रमाण सतत सांभाळत असतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं ठरावीक भोक. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं तरी ते तेवढंच राहतं. मग प्रमाण बिघडतं. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटत राहिलं की तो निकामी होतो, आणि तुर्भे-महापेच्या रस्त्यावर शुद्ध न झालेला धूर आपल्याच छातीत जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसारही असा बदल चालत नाही.

तरीही लोक कार्बोरेटर मागतात, कारण तो मिस्त्रीला कळतो. इंजिनाला कान लावायचा, स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, आयडलिंग बसवायचं. ही विद्या त्याची स्वतःची होती. आता बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लागतो, वायरिंगचा नकाशा त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग अंदाजाने पंप बदलला जातो, नंतर सेन्सर, आणि अखेरीस कळतं की कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. त्या अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतं आणि नाव मिस्त्रीचं खराब होतं. हा मला उघड अन्याय वाटतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत वाहनंही आहेत. कंपन्यांनी आता एवढं करावं: कोडांची यादी आणि वायरिंगचे नकाशे मराठीत, रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला परवडेल अशा दरात द्यावेत. आणि गाडीमालकांनो, कार्बोरेटर शोधायला निघण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज मोजून घ्या, कनेक्टर उघडून सुकवून पाहा.