कुंडीतल्या जिवाचे देणे

घरात वाढवलेले झाड पावसाला आणि जमिनीला पारखे असते. त्याची मुळे कुंडीच्या तळाशी थांबतात, ओलाव्याच्या शोधात पुढे जाऊ शकत नाहीत. उजेड मिळतो तो खिडकी देईल तेवढाच, आणि पाणी मिळते ते कोणाला तरी आठवण झाली तर. रानातल्या झाडाबाबत न उद्भवणारा एक प्रश्न इथे उभा राहतो: ज्याने त्याला आत आणले तो त्याचे काही देणे लागतो का? ‘कमी निगा लागणारी झाडे’ शहरांत लोकप्रिय झाल्यापासून हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, मनी प्लांट यांना मागणी आहे ती मुख्यतः त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले तरी ती तग धरतात म्हणून. सोसण्याची ताकद असलेल्याला सोसायला लावणे योग्य आहे का, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

भारतीय परंपरेत वनस्पतीला जीव आहे याबद्दल बहुतेकांना शंका नव्हती. त्या जिवाला काय आणि किती कळते, हा विचाराचा विषय होता. महाभारताच्या शांतिपर्वात, मोक्षधर्माच्या भागात, भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद येतो. भरद्वाजाची शंका रोखठोक आहे. झाडे ऐकत नाहीत, पाहत नाहीत, वास घेत नाहीत. मग ती पंचमहाभूतांची बनलेली कशी म्हणायची? भृगू उत्तर देतो ते झाडांच्या वागण्याकडे बोट दाखवून. उष्णतेने पाने कोमेजतात, म्हणजे त्यांना स्पर्श कळतो. विजेच्या कडकडाटाने फुलेफळे गळतात, म्हणजे ऐकू येते. वेल आधाराला वेढे घालत पुढे सरकते, म्हणजे तिला वाट दिसते. यातली काही अनुमाने आज टिकणार नाहीत, पण निष्कर्षाआधी निरीक्षण ठेवण्याची ही रीत मोलाची आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही वनस्पतींना आतल्या आत जाणीव असते आणि सुखदुःख असते असे म्हटले आहे. बौद्ध विनयात भिक्षूने वनस्पती तोडणे हा दोष मानला आहे, आणि तो नियम का झाला हे सांगताना, झाडात जीव मानणाऱ्या लोकांनी भिक्षूंवर टीका केल्याचा उल्लेख येतो. बौद्ध विचार मात्र वनस्पतीला सहसा चेतन प्राण्यांत मोजत नाही.

या सगळ्यांत जैन विचार सर्वांत बारकाईचा आहे, आणि कुंडीतल्या झाडाला तोच सर्वांत जवळचा आहे. जैन मतानुसार वनस्पती एकेंद्रिय जीव आहे. तिला फक्त स्पर्शाचे इंद्रिय आहे, शिवाय देहबळ, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. आचारांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात माणसाचा देह आणि वनस्पतीचा देह शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आहे: दोन्ही जन्मतात, वाढतात, छाटले की कोमेजतात, दोन्हींना आहार लागतो. साधूने वनस्पतीला इजा करायची नाही, हा नियम त्यातूनच येतो. गृहस्थाला मात्र स्वयंपाक करायचा असतो, शेती करायची असते. एकेंद्रियांची हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही. म्हणून त्याच्या व्रतांत एक सूक्ष्म मर्यादा घातली आहे. जी हिंसा प्रयोजनाशिवाय घडते, ती त्याने सोडायची. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्कारण जमीन उकरणे, निष्कारण पाणी सांडणे, निष्कारण वनस्पती तोडणे यांना प्रमादाचे आचरण म्हटले आहे. इथे दोष क्रौर्याला दिलेला नाही, बेफिकिरीला दिलेला आहे.

तत्त्वार्थसूत्रात याहून नेमकी एक गोष्ट सापडते. अहिंसेच्या अणुव्रताला डाग लावणाऱ्या पाच कृती तिथे दिल्या आहेत. बांधून ठेवणे ही त्यांतली पहिली. मग मारणे, अवयव छाटणे, अति भार लादणे. आणि शेवटची म्हणजे अन्नपाणी रोखणे. टीकाकारांच्या डोळ्यांसमोर इथे पाळीव जनावरे आणि ताब्यातली माणसे आहेत, झाडे नाहीत. तरीही विचाराचा गाभा कुंडीला थेट लागू पडतो. गोठ्यातल्या जनावराला पाणी न देणे हे रानातल्या जनावराला पाणी न देण्यासारखे नाही, कारण गोठ्यातले जनावर स्वतः नदीवर जाऊ शकत नाही. बंधनातून देणे निर्माण होते. कुंडी हे बंधन आहे, आणि ज्याने बांधले त्यानेच पाणी द्यायचे आहे.

झाडाला वेदना होतात का, यावर हे सगळे अवलंबून आहे असे अनेकांना वाटते. जगदीशचंद्र बोस यांनी 10 मे 1901 रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद दाखवले, आणि पुढे क्रेस्कोग्राफ या यंत्राने अतिसूक्ष्म वाढही मोजली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पान कुरतडले गेल्यावर कॅल्शियमची लाट झाडभर पसरते आणि दूरच्या पानांतही बचावाची तयारी सुरू होते, हे चित्रित झाले. म्हणजे झाड इजा ओळखते आणि तिला उत्तर देते. पण ओळखणे आणि दुखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 2007 मध्ये 36 शास्त्रज्ञांनी ‘वनस्पतींचे मज्जाशास्त्र’ या कल्पनेला जाहीर विरोध केला, आणि मेंदू किंवा मज्जापेशी नसलेल्या देहात अनुभव असण्याला आजवर पुरावा मिळालेला नाही. पीटर सिंगर यांच्यासारखे तत्त्वज्ञ याच आधारावर नैतिक विचाराची सीमा वेदनेपाशी आखतात आणि झाडे सीमेबाहेर राहतात.

ही सीमा अपुरी आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ पॉल टेलर यांनी 1986 च्या ‘रिस्पेक्ट फॉर नेचर’ या पुस्तकात दुसरा मार्ग दाखवला. प्रत्येक सजीवाला स्वतःचे असे हित असते. त्याला ते जाणवो वा न जाणवो. कुजलेली मुळे झाडासाठी वाईट आहेत, हे विधान खरे ठरायला झाडाला दुःख व्हावे लागत नाही. यंत्राचे हित त्याच्या मालकाच्या उपयोगात असते, झाडाचे हित झाडातच असते. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत सजीवांच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे, आणि तिथल्या नीतिविषयक संघीय समितीने 2008 मध्ये वनस्पतींपुरता त्याचा अर्थ लावताना, कारणाशिवाय, मनमानीने वनस्पतीला इजा करणे अनैतिक ठरवले. रस्त्याकडेची रानफुले उगाच छाटणे हे त्यांचे उदाहरण आहे. प्रयोजन नसलेली हिंसा सोडा, असे सांगणारे जैन आचार्य शतकांपूर्वी याच ठिकाणी पोचले होते.

मग घरात झाड ठेवण्याचे प्रयोजन कोणते? हवा शुद्ध होते, हे नेहमीचे उत्तर. त्याचा उगम नासाच्या 1989 च्या प्रयोगांत आहे; पण ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. नंतर झालेल्या आढाव्यातून निघालेला हिशेब असा, की साध्या वायुवीजनाइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला किमान 10 आणि कदाचित 1000 झाडे लागतील. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो, हाही गैरसमज आहे. तो रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतो, ऑक्सिजन मात्र उजेडातच तयार होतो. मनी प्लांटने पैसा येतो, याला तर काहीच आधार नाही. उपयोगाची ही कारणे गळून पडली की उरते ते एकच: त्या हिरव्या जिवाचा सहवास हवासा वाटतो. हे प्रयोजन खरे आहे आणि पुरेसेही आहे, पण ते झाडाला साधन मानत नाही, सोबती मानते. सोबत्याचे भले पाहावेच लागते.

झाडाचे भले म्हणजे काय, हे त्याच्या मूळ ठिकाणावरून कळते. पश्चिम आफ्रिकेतला स्नेक प्लांट दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतो आणि जाड पानांत पाणी राखतो. पूर्व आफ्रिकेतला झेडझेड प्लांट जमिनीखालच्या बटाट्यासारख्या कंदांत पाणी साठवतो. तिथले पावसाळे आणि कोरडे महिने सोसायला तो तसा घडला आहे. डच रोपवाटिकांनी 1996 च्या सुमारास त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि तो जगभरच्या कार्यालयांत पोचला. या झाडांना पाणी कमी लागते हे खरे. उजेड कमी लागतो हे अर्धेच खरे आहे. भर दुपारचे ऊन सुमारे 1 लाख लक्स असते, आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शे-दोनशे लक्सही मिळतील याची खात्री नसते. माणसाचा डोळा अंधाराशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे हा फरक त्याला जाणवत नाही. उजेड एका मर्यादेखाली गेला की झाड बनवते त्यापेक्षा जास्त खर्च करते आणि साठ्यावर जगते. झेडझेड प्लांटचा साठा मोठा असतो, म्हणून तो महिनोन्महिने हिरवा दिसत मरत राहतो. ‘काही न करता छान आहे’ असे ज्याच्याबद्दल बोलले जाते, ते झाड पुष्कळदा असेच उपाशी असते. सहनशीलतेमुळे देणे कमी होत नाही. ते फक्त दिसेनासे होते.

उलट बाजूची चूक मायेपोटी होते. घरातली बहुतेक झाडे तहानेने मरत नाहीत, रोज घातलेल्या पाण्याने मरतात. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की हवा संपते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. आणि मुळे कुजली की पाने कोमेजतात, म्हणून लोक आणखी पाणी घालतात. बोट दोन पेरे मातीत घालून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, कुंडीला भोक असावे, ताटलीत पाणी साचू देऊ नये, पावसाळ्यात दमट हवेत पाण्याची पाळी लांबवावी. यात श्रम जवळजवळ नाहीत, लक्ष मात्र आहे. स्वतःच्या समाधानासाठी केलेली सेवा आणि समोरच्याची गरज पाहून केलेली सेवा यांतला फरक भक्तिमार्गाने माणसांबाबत वारंवार सांगितला. कुंडीपाशी तो रोज तपासता येतो.

जगणे आणि बहरणे यांतले अंतर मनी प्लांटइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरची ही वेल झाडावर चढली की तिची पाने हातभर रुंद होतात, त्यांना चिरा पडतात. उद्यानांतल्या जुन्या वृक्षांवर हे रूप पाहायला मिळते. बाटलीत किंवा टांगलेल्या कुंडीत ती कायम बाल्यावस्थेतच राहते, पाने तळहाताएवढीच. मग तिला घरात आणणे हाच अन्याय आहे का? कडक जैन दृष्टीने बंधन ते बंधनच. तरीही गृहस्थधर्माची मोजपट्टी इथे न्याय्य वाटते: उजेड, हवा, पाणी आणि शक्य तर चढायला एक काठी दिली, तर ती वेल पूर्ण नसले तरी निरोगी आयुष्य जगते. यातले काहीच द्यायचे नसेल, तर तिला आणण्याला प्रयोजन उरत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो तुळशीपाशी. अंगणातले वृंदावन गेले आणि तुळस फ्लॅटच्या ग्रिलमध्ये, कधी देवघराच्या कोनाड्यात आली. तिच्याइतका मान दुसऱ्या कुठल्या झाडाला नाही: द्वादशीला तिची पाने खुडत नाहीत, तिन्हीसांजेनंतर कुठल्याच झाडाला हात लावू नये असे मोठी माणसे सांगतात. पण तुळशीला रोज काही तास थेट ऊन लागते. उन्हावाचून ती लांबते, पिवळी पडते आणि वाळते. मग नवे रोप येते, तेही वाळते. जिथे ऊन येत नाही तिथे तुळस ठेवणे हा श्रद्धेचा हेतू असला तरी त्या रोपावर अन्यायच आहे. अशा घरात सोसायटीच्या अंगणातल्या तुळशीला पाणी घालणे हे अधिक खरे पूजन ठरते.

देण्याचा शेवटचा हप्ता झाड नकोसे झाल्यावर येतो. वाढलेले झाड शेजाऱ्याला, शाळेला किंवा नर्सरीला देता येते. ओढ्याकाठी किंवा डोंगरावर सोडणे मात्र चूक आहे, कारण मनी प्लांट श्रीलंकेत आणि फ्लोरिडात रानात पसरून तिथल्या झाडांवर चढला आहे. एका जिवावरची दया तिथे अनेकांच्या मुळावर आली. त्याच्या रसातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मुलांच्या आणि मांजरांच्या तोंडाला दाह करतात, म्हणून घरातही त्याची जागा विचार करूनच ठरवावी.

निवड हीच म्हणून निगेची सुरुवात आहे. नर्सरीत जाण्याआधी घरातल्या ठरलेल्या जागी दुपारी बारा वाजता पांढऱ्या कागदावर हात धरून पाहावा. सावली ठळक पडली तर बहुतेक झाडे तिथे जगतील. पुसट पडली तर स्नेक प्लांट किंवा झेडझेड प्लांट आणावा. आणि सावली पडलीच नाही, तर त्या जागेसाठी झाड विकत घेऊ नये.