छातीच्या उंचीवर

सागाचं झाड मोजायचं तर टेप कुठे लावायची हे ठरलेलं असतं. बुंध्याशी लावून चालत नाही, तिथं खोड पसरट आणि खाचाखोचांचं असतं. फार वर हात पोचत नाही. मग मोजणारा झाडाशी सरळ उभा राहतो आणि जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण आपल्या छातीशी, खोडाभोवती टेप फिरवतो. आलापल्लीच्या रानाला ही टेप चांगली ओळखीची आहे. इथल्या सहा हेक्टरच्या ‘वनवैभवा’ला २०१४ मध्ये जैविक विविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथली झाडं कोणी तोडणार नाही. तोडायचं झाड असो की राखायचं, घेर छातीशीच घेतात.

याच मुलखात, त्याच उंचीवर, काही माणसांचंही मोजमाप होतं. आजचं मनन त्या मोजमापाचं.

बसल्या जागी पाठ जरा सैल सोडा. डोळे मिटायची गरज नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं आहे ते उघड्या डोळ्यांनाही दिसत नाही. शर्टाच्या डाव्या खिशापाशी हात न्या. तिथं एक क्लिप आहे असं समजा. क्लिपला प्लॅस्टिकची चपटी डबी, तिच्यात कागदी पाकीट, पाकिटावर तुमचं नाव आणि क्रमांक. पाकिटात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीवर ओळीनं बसवलेल्या तीन पांढुरक्या चकत्या, रुपयाच्या नाण्याहून लहान. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अंश घालून, टेफ्लॉनसोबत दाबून त्या बनवतात. एका चकतीवर धातूची गाळणी असते, एकीवर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी. किरण कोणत्या जातीचे, किती जोराचे, हे तिघींच्या फरकावरून ओळखता येतं. एक्स-रेसारख्या किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या या मापकाला टीएलडी बॅज म्हणतात. दवाखान्यात नुसतं ‘बॅज’ म्हटलं तरी पुरतं.

हा बॅज तुमच्यासाठी काय करतो, याचा विचार करा. किरण अडवतो का? नाही. धोका आला तर वाजतो का? तेही नाही. त्याच्यावर दिवा नाही, काटा नाही, आकडा नाही. तीन महिने तो छातीला चिकटून असतो आणि तुम्हाला एक अक्षर सांगत नाही.

आता एक्स-रेच्या खोलीत या. अहेरीकडची म्हणा, चंद्रपूरची म्हणा. बाहेर बाकावर रांग आहे. कोणी एटापल्लीकडून आलंय, कोणी भामरागडकडून, आणि प्रत्येकाचं लक्ष परतीच्या एसटीकडे. रांगेत मराठी आहे, माडिया आहे, तेलुगूही आहे. एक म्हातारी आत येते. तिच्या लेखी हा फोटो आहे. ‘दुखते का जी भाऊ?’ असं ती विचारते. तुम्ही तिला स्टँडशी उभं करता, हनुवटी वर करायला लावता, खांदे पुढे घ्यायला सांगता. श्वास घ्या आजी, धरून ठेवा. मग तुम्ही आडोशाला जाता आणि बटण दाबता. सेकंदाचा एक बारीक तुकडा. सोडा श्वास.

त्या तुकड्यापाशी थांबू. नळीतून निघालेले काही किरण म्हातारीच्या छातीतून पलीकडे गेले. काही तिथंच जिरले आणि काही तिच्या अंगावरून चहूकडे विखुरले. खोलीत काम करणाऱ्याला जी मात्रा मिळते ती बहुतेक या विखुरलेल्या किरणांची. म्हणजे त्या क्षणापुरती म्हातारीच किरणांचा उगम झालेली असते. तिला याची कल्पना नाही, आणि बटण सुटताच तिच्यात काही उरतही नाही. तिच्यापासून एक मीटरवर विखुरलेल्या किरणांचं प्रमाण मूळ झोताच्या साधारण हजाराव्या भागावर येतं. दोन मीटरवर गेलात तर त्याचाही चौथा हिस्सा राहतो, तीन मीटरवर नववा. मनातल्या मनात एक पाऊल मागे या. आणखी एक. एवढं स्वस्त संरक्षण दुसरं नाही, त्याला खरेदीचा प्रस्तावसुद्धा पाठवावा लागत नाही.

मोजायला चकत्या नव्हत्या तेव्हा काय होतं, तेही पाहून घेऊ. राँटगेनला हे किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. पुढं कितीतरी वर्षं ‘किती किरण’ याचं उत्तर कातडीवरून काढत. कातडी लाल व्हायला लागते तेवढी मात्रा हेच माप. नळी नीट चालते का हे बघायला काम करणारे आपलाच पंजा पुढे धरत. एडिसनकडे काम करणारा क्लॅरेन्स डॅली असाच हात भाजत राहिला. त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली अशा लोकांच्या नावांचा दगड उभारला. त्यांच्या बाबतीत मोजायचं साधन आणि मोजला जाणारा माणूस एकच होता. आपल्या खिशावरची चकती ही त्या कातडीच्या जागी आली आहे.

तीन महिने संपतात. बॅज पाकिटात घालून प्रयोगशाळेकडे रवाना होतात. तिथं पट्टी यंत्रात सरकते आणि चकतीवर सुमारे २८५ अंश तापलेला नायट्रोजन वायू सोडतात. इथं सावकाश व्हा, कारण सगळी गंमत इथं आहे. किरण चकतीवर आदळले तेव्हा त्यांनी स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे हलवले होते आणि ते बारीकशा खोबणींत अडकून बसले होते. उष्णतेनं ते सुटतात आणि सुटताना प्रकाश देतात. तो इतका मंद की यंत्राशिवाय पकडता येत नाही. जितका प्रकाश, तितकी मात्रा. वाचून झालं की खोबणी रिकाम्या होतात. तापवून कोरी केलेली चकती पुन्हा कामाला येते, पण तेच तीन महिने दुसऱ्यांदा वाचायची सोय नाही. म्हणून वाचलेला आकडा लगेच नोंदीत जातो. देशभरातल्या अशा कामगारांची मात्रा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदवहीत जमा होत राहते. आलापल्लीहून बदली होऊन कोणी नागपूरला गेला तरी त्याचा क्रमांक आणि मागची बेरीज त्याच्यासोबत जाते. मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. तिची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाची आहे: वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, पाच वर्षांत १००, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तुमच्या-माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला वर्षाला १.

अहवाल येतो. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या बहुतेकांच्या नावापुढे शून्य असतं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत मनन करण्यासारखी जागा हीच आहे.

ते शून्य हातात घ्या. एक शून्य असं असतं की तंत्रज्ञानं रोज बॅज लावला, अ‍ॅप्रनच्या आत लावला, प्रत्येक वेळी आडोशाला गेला, आणि तिमाहीच्या शेवटी यंत्राला सांगण्यासारखं काही मिळालं नाही. दुसरं शून्य असं की बॅज पहिल्याच आठवड्यात टेबलाच्या खणात गेला आणि पाठवायच्या दिवशी बाहेर आला. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. यंत्र खोटं बोलत नाही. त्यानं चकती वाचली, माणूस वाचला नाही. उलटंही होतं. कोणी बॅज अ‍ॅप्रनला तसाच ठेवून अ‍ॅप्रन खोलीतच टांगून जातो, चकती आठवडेच्या आठवडे किरण खात राहते आणि अहवालात भलामोठा आकडा उगवतो. मग पत्र येतं, खुलासा मागतात, चौकशी होते, आणि निष्पन्न होतं की ती मात्रा कोणाच्याच अंगाला लागलेली नाही. मोठ्या आकड्याला निदान कोणी विचारतं तरी. शून्य आलं की सही करून फाइल बंद.

खणात बॅज टाकणाऱ्यावर लगेच रागावू नका. त्याच्या जागी थोडा वेळ बसा. मे महिना आहे, पारा ४५ च्या पुढे, अंगावर शिशाचं अ‍ॅप्रन. खोलीत तो एकटाच. क्लिप तुटलेली. मागे एकदा कोट धुवायला गेला आणि बॅजही सोबत धुऊन आला. शिवाय मनात कुठेतरी भीती आहे, आकडा वाढला तर आपल्याच डोक्याला ताप. या प्रत्येक गोष्टीवर इलाज आहे, पण तो तुर्भ्याच्या भाभा केंद्रातून होणार नाही, त्याच खोलीत व्हायला हवा: नवी क्लिप, जोडीला माणूस, आणि ‘आकडा आला तर बोल, तुझ्यावर खापर नाही’ असं म्हणणारा वरिष्ठ.

बॅजच्या गठ्ठ्यात एक बॅज कोणाच्याच नावाचा नसतो. त्याला कंट्रोल म्हणतात. तो एक्स-रेपासून दूर, कचेरीत ठेवायचा. त्यालाही काहीतरी मिळतंच: जमिनीतून, भिंतीतून, आकाशातून, टपालाच्या वाटेवरून. बाकीच्यांच्या आकड्यातून ते वजा करतात. जगभराची सरासरी पाहिली तर निसर्गाकडून माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. आणि हे वाचताना तुमच्या स्वतःच्या अंगातलं पोटॅशियम दर सेकंदाला ४,००० हून जास्त वेळा फुटतं आहे. घाबरायचं कारण नाही. किरण मुळीच नकोत असा हट्ट इथं कामाचा नाही, कामामुळे वर किती पडले एवढंच विचारायचं आहे.

आता ज्याच्या छातीवर बॅज नाही त्याच्याकडे वळा. पोर रडतं, स्थिर राहत नाही, म्हणून आई त्याला धरून उभी राहते. तिचं एकदाच आहे, अ‍ॅप्रन दिलं की भागतं. पण आईच्या जागी दरवेळी त्याच परिचराला हाक मारली जात असेल तर तो बिनबॅजचा कामगार झाला, आणि त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्टचं जुनं यंत्र भंगारात गेलं. ते तोडणाऱ्यांच्या छातीला काहीच नव्हतं. त्यांच्या अंगानंच ते मोजलं आणि एकजण दगावला.

अलीकडे क्षयरोग शोधायला हातात धरायची एक्स-रे यंत्रं निघाली आहेत. रस्ता संपतो त्याच्या पुढच्या गावात, समाजमंदिरात किंवा झाडाखालीही फोटो निघू शकतो. जंगलातल्या माणसासाठी ही मोठीच सोय. पण तिथं आडोशाची भिंत नाही, दार नाही, दारावरचा लाल दिवा नाही. बघ्यांची गर्दी आहे आणि यंत्र चालवणाऱ्याच्याच हातात आहे. भिंतीनं जे आपोआप केलं असतं ते तिथं माणसानं आठवणीनं करायचं: लोकांना मागे सारायचं, झोताच्या मागच्या बाजूला राहायचं, अ‍ॅप्रन घालायचं, बॅज लावायचा.

आता परत खोलीत या. रांग संपली आहे. अ‍ॅप्रनच्या आतून बॅज काढा आणि कचेरीत कंट्रोलशेजारी ठेवा. उन्हात नको, शेगडीजवळ नको, घरी नेऊ नका. अ‍ॅप्रन घडी न घालता टांगा, घडीवर आतलं शिसं तडकतं. तेवढ्यात बाहेरून हाक येते, मोटारसायकलवरून पडलेला एक मुलगा आणलाय, पाय बघायचा आहे. अ‍ॅप्रन चढवायच्या आधी पुन्हा कचेरीपर्यंत जाऊन या.