मोटारींच्या मधली जागा

खोळंबलेल्या मोटारींच्या दोन रांगांमधून मोटारसायकल पुढे काढणं पॅरिसमध्ये ३१ जानेवारी २०२१ पर्यंत चालत होतं. दुसऱ्या दिवसापासून तो गुन्हा ठरला. दंड १३५ युरो, शिवाय परवान्यावरचे तीन गुण कमी. मधून जाऊ देण्याचा प्रयोग सरकारनेच फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू केला होता. पॅरिसचा परिसर आणि मार्सेय, बोर्दो, लियों ही शहरं ज्यांत येतात असे ११ जिल्हे त्यासाठी निवडले होते. पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा आकडे बरे नव्हते. प्रयोगातल्या रस्त्यांवर दुचाकींचे अपघात १२ टक्क्यांनी वाढले होते आणि त्याच जिल्ह्यांतल्या इतर रस्त्यांवर १० टक्क्यांनी घटले होते. निषेधाचे मोर्चे निघाले, अर्थात मोटारसायकलींवरूनच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने २१ जिल्ह्यांत नव्याने प्रयोग मांडला, आणि जानेवारी २०२५ पासून ही गोष्ट फ्रान्सभर कायदेशीर झाली.

सरकारने अर्ध्या वर्षात पाऊल मागे घेतलं म्हणून बंदी कुणी पाळलीच नाही, असं सिद्ध होत नाही. पण २०१६ च्या आधीही, कसलीच परवानगी नसताना, पॅरिसला वळसा घालणाऱ्या पेरिफेरिक रस्त्यावर हेच राजरोस चालायचं आणि पोलीस काणाडोळा करायचे. जी सवय परवानगीने लावली नव्हती, ती परवानगी काढून घेतल्याने सुटेल असं कुणाला का वाटावं?

असा प्रश्न निघाला की आपण लगेच शिस्तीबद्दल बोलायला लागतो. अमुक देशातले लोक नियम पाळतात, आपले पाळत नाहीत, वगैरे. मला यात शिस्तीपेक्षा भूमितीचा भाग जास्त दिसतो. हमरस्त्यावरची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते आणि मोटार दोन मीटरच्या आतबाहेर. शेजारशेजारच्या दोन मोटारी आपापल्या मार्गिकेच्या मधोमध उभ्या राहिल्या, तर त्यांच्यामध्ये दीड मीटर जागा मोकळी राहते. मोटारसायकलच्या हँडलला पाऊण-एक मीटर पुरतो. बाकीचे नियम अशी परीक्षा घेत नाहीत. हेल्मेट घरातून निघताना एकदा डोक्यावर चढवलं की काम संपलं. मधून न घुसण्याचा नियम मात्र प्रत्येक मोटारीपाशी नव्याने पाळावा लागतो, समोर मोकळी वाट दिसत असताना, इंजिनाची धग मांड्यांना लागत असताना आणि क्लच दाबून डावा हात भरून आलेला असताना. त्यात दुचाकी घेण्याचं निम्मं कारणच ती जागा असते. मोटारीच्या मागे मोटारीसारखंच उभं राहायचं, तर ऊन-पाऊस अंगावर घेण्यात काय हशील?

दुचाकीवाला बंदी पाळतच नाही असंही नाही. मुंबईतला वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. तिथे दुचाकीला मज्जाव आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंही तसंच. कारण तिथे तोंडावर टोलनाका आहे, माणसं उभी आहेत, आणि मुख्य म्हणजे बाजूला दुसरा रस्ता आहे. सेतूवर नको तर माहीमवरून जा, द्रुतगती मार्गावर नको तर जुन्या महामार्गाने. जे. जे. उड्डाणपुलावरही दुचाकीला बंदीच आहे, पण तिथे नाका नाही. मग दुचाकीवाले चढतात आणि उतारावर पोलीस त्यांना टिपतात. दोन मोटारींमधल्या फटीच्या तोंडाशी तर ना नाका बसवता येतो ना पोलीस. पुण्यातल्या हेल्मेटसक्तीची गत आपण पाहिलीच. कोपरात अडकवलेलं हेल्मेट चौकात मामा दिसले की डोक्यावर, चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. जी वस्तू लांबून दिसते तिची ही तऱ्हा.

तरीही कडक बंदी आली तर काही जण थांबतील. कोण थांबेल? रविवारी सकाळी जड मोटारसायकल घेऊन लोणावळ्याकडे निघणारा थांबेल. त्याला कुठे पोचायची घाई नाही, आणि दोन्ही बाजूंच्या पेट्यांमुळे त्याची गाडी तशीही फटीत मावत नाही. ज्याला प्रत्येक ऑर्डरमागे पैसे मिळतात आणि दहा मिनिटांत किराणा पोचवायचा असतो, तो थांबणार नाही. म्हणजे बंदीचा दंड सर्वांत जास्त वेळा त्याच्या नावावर पडेल. घाई ज्याने ठरवली तो त्या वेळी फटीत नसतो, कार्यालयात बसलेला असतो.

बंदीत आणखी एक मोठं नुकसान आहे, ते सहसा बोललं जात नाही. ज्या गोष्टीला पूर्ण मनाई केली, ती कशी करावी हे सांगता येत नाही. कॅलिफोर्नियात हे फार मजेशीर पद्धतीने घडलं. तिथे मधून जाण्याला मनाई नव्हती आणि स्पष्ट परवानगीही नव्हती. राज्याच्या महामार्ग पोलिसांनी २०१३ मध्ये काही सूचना छापल्या: आजूबाजूच्या मोटारींपेक्षा ताशी १० मैलांहून जास्त वेग नको, वाहतूकच ३० मैलांनी धावत असेल तर मध्ये शिरूच नका. त्यावर तक्रार झाली की पोलिसांना नियम बनवण्याचा अधिकारच नाही. २०१४ मध्ये त्या शहाण्या सूचना मागे घेतल्या गेल्या आणि मधून जाणं मात्र सुरूच राहिलं! अखेर २०१६ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तेव्हा कुठे पोलिसांना पुन्हा तोंड उघडता आलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने जुलै २०१४ मध्ये आधीच रेघ आखून दिली: ताशी ३० किलोमीटरच्या आत असाल तरच जा. बंदी असती तर ३० चा आणि ८० चा गुन्हा एकच ठरला असता, आणि पकडलं जायचंच असेल तर सावकाश कशाला जा, हा हिशेब कुणालाही सुचला असता.

फ्रान्समधले ते १२ टक्के मात्र मला झटकून टाकता येत नाहीत. परवानगीने माणूस निर्धास्त होतो. जे आधी बिचकत करायचा ते हक्काने करू लागतो, वेग वाढतो. पेरिफेरिकवर हॉर्न वाजवत, मोटारींना बाजूला सारत जाणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. कायद्याने त्यांना आणखी जोर आला असेल, तर नवल नाही. तेव्हा परवानगीची बाजू घेताना हे ओझं खांद्यावर घेऊनच बोलावं लागतं.

मला त्या फ्रेंच नियमातला वेगाचा आकडा, ताशी ५०, तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाची वाटते ती जागा. दुभाजक असलेल्या, एका दिशेला किमान दोन मार्गिका असलेल्या रस्त्यावर, फक्त सर्वांत डावीकडच्या दोन रांगांच्या मधूनच जायचं. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणजे ही दुभाजकालगतची फट झाली. तिथल्या मोटारचालकाला मोटारसायकल कुठून येणार हे ठाऊक असतं. आपल्याकडे ती दोन्ही बाजूंनी येते, कधी पदपथावरूनही येते. आपल्याकडेही मार्गिका पाळायचा नियम २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन विनियमांत आहेच. पण एका रांगेत बस, रिक्षा, टेम्पो आणि मोटार अशी वेगवेगळ्या रुंदीची वाहनं उभी असली की फट सरळ राहत नाही, नागमोडी होते. त्या वळणांतून जाताना अडतात म्हणून कित्येक जण गाडीचे आरसेच आत वळवतात किंवा काढून ठेवतात. म्हणजे मधून जाणाऱ्याला मागचं दिसत नाही, आणि मोटारवाल्याला कोणत्या आरशात पाहायचं ते कळत नाही.

तेव्हा मला कुणी विचारलंच, तर पुण्याच्या नगर रस्त्यासारख्या एखाद्या दुभाजकवाल्या रस्त्यावर, वाहतूक थांबलेली किंवा रांगत असताना, उजवीकडच्या शेवटच्या दोन रांगांमधली फट दुचाकींना रीतसर देऊन टाकावी असं मी म्हणेन. वेग ३०. आणि डावीकडून, बस आणि पदपथ यांच्यामधून घुसण्याला खरोखरीची बंदी घालावी, दंडासकट. ती पाळली जाण्याची आशा धरता येते, कारण उजवीकडे वाट मोकळी असेल आणि बसथांबा ठरलेल्या जागी असल्याने तिथे पोलीस उभा करता येईल. शिवाय बसच्या पायरीवरून खाली उतरणारा माणूस त्याच बाजूला उतरतो, आणि त्याला कुठलाच आरसा नसतो.