त्यानं दिलं की आपण घेतलं?

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात किड्यासारखा वळवळतोय. ज्याच्या मागं जाऊन आपण पहिल्यांदा ताठ उभे राहिलो, तोच उद्या आपल्याच माणसांवर दंडुका उगारू लागला, तर त्याचं ऋण कुठवर मोजायचं?

हा प्रश्न हवेतला नाही. ग्रेनाडा नावाचं एक बेट आहे कॅरिबियन समुद्रात. ३४४ चौरस किलोमीटर जमीन, लाखभर माणसं. बहुतेक सगळी गुलामांची लेकरं. १८३४ ला गुलामी कायद्यानं गेली, पण मळा मळेवाल्याचाच राहिला. जायफळ, कोको त्याचा. घाम काळ्या माणसाचा.

तिथला एरिक गेअरी. गरिबाचा पोरगा. आधी शाळामास्तर, मग अरुबा बेटावर तेलाच्या कारखान्यात. १९४९ च्या शेवटी गावी परतला आणि पुढच्याच वर्षी मजुरांची युनियन काढली. १९५१ ला अख्खं बेट संपावर गेलं. मळ्यातल्या इमारती पेटल्या. रात्री आभाळ लाल दिसायचं, म्हणून लोक त्या दिवसांना ‘लाल आभाळ’च म्हणतात. इंग्रजांनी गेअरीला उचललं, तरी संप हटेना. शेवटी त्यालाच सोडून रेडिओवर बोलायला लावलं, तेव्हा कुठं आग निवळली. युनियनला मान्यता मिळाली, मजुरी वाढली. त्याच वर्षी प्रत्येक सज्ञान माणसाला मत आलं आणि गेअरीच्या पक्षानं आठातल्या सहा जागा मारल्या.

आता जरा थांबा मित्रांनो. संप केला हजारोंनी. थांबला एकाच्या शब्दावर. मला वाटतं, पुढचं सगळं इथंच पेरलं गेलं.

१९६७ ला तो प्रीमियर झाला. भूमिहीनांना जमीन म्हणून योजना आणली. नाव झकास! पण ताब्यात गेलेल्या मळ्यांत विरोधकांचे मळे बरेच होते. पोलिसांच्या जोडीला गुंडांची टोळी पोसली. लोक तिला मुंगूस टोळी म्हणत. २१ जानेवारी १९७४ ला राजधानीत ओटवे हाऊसच्या दारात रूपर्ट बिशप आतल्या बायापोरांना वाचवायला उभा होता. त्याला गोळी घातली. बंदरावर संप, गावात संप. आणि अशात ७ फेब्रुवारीला बेट स्वतंत्र झालं, गेअरी पहिला पंतप्रधान. संपानं घडवलेला माणूस संप मोडत गादीवर बसला. पुढं संयुक्त राष्ट्रांत जाऊन उडत्या तबकड्यांचा अभ्यास करा म्हणून भाषणं ठोकली. हसू येतं, पण मळ्यातल्या मजुराला ते ऐकून काय वाटलं असेल?

१३ मार्च १९७९ ला तो परदेशात असताना रूपर्टच्या मुलानं, मॉरिस बिशपनं, बंदुकीनं सत्ता घेतली. लोक नाचले. शाळा, दवाखाने यांची कामं झाली, खोटं का बोला. पण निवडणूक घेतो म्हणाले, ती घेतलीच नाही. विरोधी वर्तमानपत्र बंद केलं. १९ ऑक्टोबर १९८३ ला बिशपच्याच पक्षातल्या लोकांच्या राजवटीनं त्याला किल्ल्यात भिंतीशी उभं करून मारलं. त्या किल्ल्याला नाव त्याच्या बापाचं दिलेलं होतं. सहा दिवसांत अमेरिकेचं सैन्य उतरलं.

१९८४ ला गेअरी परतला, त्याचा पक्ष निवडणूक लढला. जागा एकच मिळाली. पण मतं? शंभरात छत्तीस! मुंगूस टोळी पाहून झाल्यावरसुद्धा छत्तीस. १९९७ ला तो मेला, तोवर पुन्हा सत्ता नाही.

शिकलेले लोक या छत्तीस जणांना अडाणी म्हणतील. माझी जीभ रेटत नाही. ज्याच्या बापाला मळेवाल्यापुढं मान वर करायची सोय नव्हती, त्यानं गेअरीला विसरावं असं आपण कोण सांगणार? कृतज्ञता काही पाप नाही. पण ‘त्यानं मला मत दिलं’ असं तो म्हातारा म्हणतो, तेव्हा हिशेबातून एक माणूस गळतो. तो स्वतः. गेअरी कोठडीत होता तेव्हाही हा संपावरच होता. घरात चूल पेटत नव्हती, तरी मळ्यावर गेला नाही. त्याला एवढंच विचारावंसं वाटतं: बाबा, त्या रात्री आभाळ लाल केलं कुणी?